बिऱ्हाड, शेजार आणि मतपेटी

नागरिकाने बिऱ्हाड कोठे थाटावे हे त्याचे त्याने ठरवावे, या तत्त्वाविषयी आधुनिक लोकशाहीत फारसा मतभेद उरलेला नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने देशाच्या कोणत्याही भागात संचार करण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन राहणाऱ्याला तेथील जुन्या रहिवाशाइतकेच हक्क मिळाले पाहिजेत, असे १९९९ च्या साएन्झ विरुद्ध रो या निकालात स्पष्ट केले आहे. प्रश्न उद्भवतो तो हे स्वातंत्र्य एका विशिष्ट हेतूने वापरले जाऊ लागले म्हणजे. आपल्या मताची माणसे जेथे बहुसंख्य आहेत तेथे जाऊन राहावे आणि विरुद्ध मताचा शेजार टाळावा, अशा विचाराने घर निवडले गेले, तर त्या निवडीचा परिणाम त्या कुटुंबापुरता राहत नाही; मतदारसंघांचे स्वरूप, विधिमंडळांची घडण आणि राजकीय वाद घालण्याची रीत या सर्वांवर तो होतो.

या प्रश्नाचा विचार येथे प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात केला आहे, कारण त्या देशात त्याला दीर्घ इतिहास आहे आणि त्याचा अभ्यासही तेथेच सर्वांत बारकाईने झाला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे आहे. राजकीय मत पाहून वस्ती निवडणाऱ्यांची संख्या समजली जाते तितकी मोठी नाही, तरीही वस्त्या मतांनुसार विभागल्या गेल्या आहेत हे खरे आहे. आणि या विभागणीचे मुख्य नुकसान समविचारी माणसे शेजारी राहिल्याने होत नसून, प्रत्येक ठिकाणी उरलेल्या अल्पमताला प्रतिनिधित्वाच्या हिशेबात जागाच न राहिल्याने होते.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकी निवडणुकांच्या नकाशावर रिपब्लिकन पक्षाचा प्रदेश तांबडा आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा प्रदेश निळा दाखवण्याचा संकेत २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर पक्का झाला, आणि पुढे राज्ये, शहरे, इतकेच काय पण माणसेही याच दोन रंगांनी ओळखली जाऊ लागली. काउंटी हा राज्य आणि नगर यांच्यामधला प्रशासकीय घटक होय. त्याची तुलना ढोबळमानाने महाराष्ट्रातील जिल्ह्याशी करता येईल, परंतु त्याच्या आकारात विलक्षण तफावत असते. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक राहतात, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत शंभराच्याही आत भरली. राज्यांना करआकारणी, शिक्षण, फौजदारी कायदा आणि आरोग्य या विषयांत व्यापक अधिकार असल्यामुळे, कोणत्या राज्यात राहायचे या प्रश्नाला तेथे कोणत्या कायद्याखाली राहायचे असाही अर्थ असतो.

राजकीय हेतूने वस्ती निवडण्याचा तेथील सर्वांत ठळक ऐतिहासिक प्रसंग १८५४ सालचा आहे. त्या वर्षी संमत झालेल्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने, नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी याचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपवला, आणि त्याबरोबर तेथे रहिवासी कोण होणार हाच राजकारणाचा मुख्य प्रश्न बनला. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी न्यू इंग्लंड एमिग्रंट एड कंपनी स्थापन करून कुटुंबांना कॅन्ससला पाठवण्यास सुरुवात केली. या वसाहतकऱ्यांनी वसवलेल्या लॉरेन्स या गावाला कंपनीच्या मुख्य देणगीदाराचे नाव देण्यात आले. दुसऱ्या बाजूने शेजारच्या मिसुरी राज्यातील गुलामगिरीचे समर्थक मतदानापुरते सीमा ओलांडून येऊ लागले. १८५५ च्या फेब्रुवारीतील शिरगणतीत कॅन्ससमध्ये २,९०५ मतदार आढळले असताना मार्चमधील निवडणुकीत ६,३०७ मते पडली. पुढे जाळपोळ आणि रक्तपात झाला, आणि १८६१ मध्ये कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले. वस्तीच्या बळावर निर्णय आपल्याकडे वळवता येतो, हा धडा या प्रसंगाने दिला; त्याचबरोबर, स्थायिक होणे हेच राजकीय हत्यार झाले की प्रतिपक्षही त्याच हत्याराला हात घालतो, हेही त्याने दाखवून दिले.

याच्या शेजारी आणखी एक स्थलांतर ठेवून पाहिले पाहिजे. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय नागरिक दक्षिणेकडील राज्ये सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेले. या स्थलांतराला रोजगाराचे कारण होते, तसेच दहशतीचे आणि नाकारलेल्या मताधिकाराचेही होते. दक्षिणेत ज्यांना मतपेटीपर्यंत पोहोचू दिले जात नव्हते, त्यांच्या मतांवर १९२८ मध्ये शिकागोतून ऑस्कर डी प्रीस्ट प्रतिनिधिगृहात निवडून गेले, आणि उत्तरेकडील राज्यातून तेथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. या माणसांनी शेजाऱ्यांची मते पटत नाहीत म्हणून गाव सोडले नव्हते; स्वतःचे मत मोजलेच जात नव्हते म्हणून सोडले होते. हा फरक पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडणार आहे.

विद्यमान चर्चेला चालना मिळाली ती पत्रकार बिल बिशप यांनी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कुशिंग यांच्या साहाय्याने लिहिलेल्या ‘द बिग सॉर्ट’ या २००८ मधील पुस्तकाने. अध्यक्षीय निवडणुकीत एका पक्षाने दुसऱ्यावर वीस टक्क्यांहून अधिक फरकाने मात केलेल्या काउंटीला त्यांनी एकतर्फी काउंटी मानले, आणि अशा काउंट्यांत राहणाऱ्या मतदारांचे प्रमाण १९७६ मध्ये सुमारे एकचतुर्थांश होते ते २००४ पर्यंत जवळजवळ निम्म्यावर गेले, असे दाखवले. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की अमेरिकी समाज आपणहून समविचारी वस्त्यांमध्ये विभागला जात आहे. हे निरीक्षण लोकांच्या अनुभवाशी जुळणारे असल्यामुळे चटकन रुजले. पुढे २०२१ मध्ये जेकब ब्राउन आणि रायन एनोस यांनी अठरा कोटी मतदारांच्या पत्त्यांचा अभ्यास करून, मतदारांच्या मोठ्या हिश्शाला आपल्या राहत्या परिसरात दुसऱ्या पक्षाची माणसे जवळजवळ भेटतच नाहीत असे दाखवून दिले. विभागणी आहे, याबद्दल त्यानंतर शंकेला फारसा वाव राहिला नाही.

विभागणी आहे म्हणून ती ठरवून केलेल्या स्थलांतरातून आली आहे असे मात्र सिद्ध होत नाही. अमेरिकी माणसाचे घर बदलण्याचे प्रमाण गेल्या पाऊण शतकात बरेच घसरले आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस दरवर्षी सुमारे एकपंचमांश लोक घर बदलत, अलीकडे हे प्रमाण एकदशांशाच्याही खाली आले आहे. घरे बदलणे कमी होत असताना विभागणी वाढावी, याचा अर्थ तिची अन्य कारणे शोधली पाहिजेत. जोनाथन मुमोलो आणि क्लेटन नॉल यांनी २०१७ मध्ये दाखवले की आपल्या पक्षाच्या माणसांत राहणे लोकांना आवडते खरे, परंतु प्रत्यक्ष घर घेताना किंमत, शाळा, सुरक्षितता आणि कामाचे ठिकाण यांपुढे ही आवड मागे पडते. फ्लोरिडातील मतदारयाद्यांचा मागोवा घेणाऱ्या ग्रेगरी मार्टिन आणि स्टीव्हन वेबस्टर यांच्या अभ्यासातही स्थलांतराचा परिणाम एकूण विभागणीच्या मानाने तोकडा आढळला, आणि माणसे नव्या ठिकाणच्या वळणावर जाऊन स्वतःचा पक्षच बदलतात याला अधिक महत्त्व असल्याचे सूचित झाले. याखेरीज पक्षांचेही रूपांतर झाले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतील गोरे मतदार हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे गेले, आणि त्यासाठी त्यांपैकी बहुतेकांना आपल्या अंगणाबाहेर पाऊलही टाकावे लागले नाही.

अप्रत्यक्ष निवड हा यातील सर्वांत सूक्ष्म भाग आहे. प्यू संशोधन केंद्राने २०१४ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत, मोठी आणि एकमेकांपासून दूर असलेली घरे हवीत, मग शाळा आणि दुकाने काही मैलांवर असली तरी चालतील, असे ठाम पुराणमतवादी उत्तरदात्यांपैकी ७५ टक्क्यांनी सांगितले. याउलट लहान आणि जवळजवळची घरे असली तरी चालतील, पण शाळा, दुकाने आणि उपाहारगृहे पायी जाण्याच्या अंतरावर हवीत, असे ठाम उदारमतवाद्यांपैकी ७७ टक्क्यांचे म्हणणे पडले. अशा माणसाने अंगणासाठी घर घेतले काय किंवा पदपथासाठी घेतले काय, त्याला शेजार बहुधा आपल्याच पक्षाचा मिळतो, आणि तो त्याने मागितलेला असतोच असे नाही.

छोट्या पसंतींतून मोठी विभागणी कशी उभी राहते याचे स्पष्टीकरण अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दिले. त्यांनी चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी विखरून मांडली, काही घरे रिकामी ठेवली, आणि एकच नियम घातला: ज्या नाण्याच्या शेजाऱ्यांत निदान तृतीयांश त्याच्या प्रकारचे नाहीत त्याने रिकाम्या घरात जावे. कोणत्याही नाण्याला बहुसंख्येत असण्याची हौस नाही, तृतीयांश सोबतीवर त्याचे समाधान आहे. तरीही एक नाणे हलले की त्याने सोडलेल्या ठिकाणचे प्रमाण बिघडते, दुसरे अस्वस्थ होते, तेही हलते, आणि अखेर पटावर दोन प्रकारचे वेगवेगळे पुंजके उरतात. शेलिंग यांच्यासमोर वंशानुसार होणाऱ्या विभागणीचा प्रश्न होता. राजकीय विभागणीला हे प्रारूप जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण शेजाऱ्याचे मत त्याच्या रंगाप्रमाणे दिसत नाही. परंतु निकालावरून हेतूचे अनुमान काढू नये, ही त्याची शिकवण येथेही तितकीच महत्त्वाची आहे.

उघड राजकीय हेतूने वस्ती निवडणारे लोक थोडे असले तरी आहेत, आणि त्यांना एका सिद्धान्ताचा आधारही मिळतो. चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये मांडले की अनेक नगरे वेगवेगळे कर आणि वेगवेगळ्या सेवा देत असतील, तर नागरिक स्वतःला सोयीच्या नगरात जाऊन आपली पसंती व्यक्त करतो. मतपेटीने जे काम अर्धवट होते ते पायांनी पुरे होते. या विचाराचा सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे फ्री स्टेट प्रकल्प होय. सरकारचे कार्यक्षेत्र कमीत कमी असावे असे मानणाऱ्या वीस हजार लोकांनी एकाच लहान राज्यात जाऊन राहावे आणि तेथील राजकारण पालटावे, अशी कल्पना जेसन सोरेन्स यांनी २००१ मध्ये मांडली. २००३ मध्ये सभासदांनी मतदानाने न्यू हॅम्पशायरची निवड केली. सुमारे चौदा लाख वस्तीच्या या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात चारशे सदस्य आहेत, त्यामुळे साडेतीन हजारांहून कमी माणसांमागे एक प्रतिनिधी निवडला जातो, आणि थोड्या संघटित मतदारांनाही तेथे वजन येते. वीस हजार प्रतिज्ञांचा टप्पा २०१६ मध्ये गाठला गेला. प्रत्यक्ष येऊन राहिलेल्यांची संख्या बरीच कमी राहिली, तरी त्यांपैकी काही जण विधिमंडळात पोहोचले.

या राज्यातील क्रॉयडन या सुमारे आठशे वस्तीच्या गावात २०२२ मध्ये जे घडले ते जवळून पाहण्याजोगे आहे. न्यू इंग्लंड या ईशान्येकडील राज्यसमूहातील अनेक गावांप्रमाणे तेथेही अंदाजपत्रक सर्व मतदारांच्या वार्षिक सभेत मंजूर होते. या सभेला महाराष्ट्रातील ग्रामसभेसारखे, परंतु करावर थेट शिक्कामोर्तब करणारे रूप आहे. गावात चौथीपर्यंतची छोटी शाळा आहे आणि पुढच्या वर्गांतील मुलांचे इतर गावांतील शाळांचे शुल्क गाव भरते. १२ मार्चच्या सभेत, फ्री स्टेट प्रकल्पातून गावात आलेल्या एका रहिवाशाने, शाळेचा सतरा लाख डॉलरचा खर्च आठ लाखांवर आणावा अशी सूचना मांडली. सभेला माणसे तुरळक होती. सूचना वीस विरुद्ध चौदा मतांनी मंजूर झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातील पालक हिशेब मांडू लागले, की विद्यार्थ्यामागे सुमारे दहा हजार डॉलर उरणार असतील तर शेजारच्या गावातील शाळेचे शुल्क कोण भरणार. निर्णय फिरवायचा तर खास सभेला नोंदणीकृत मतदारांपैकी किमान निम्मे हजर असणे बंधनकारक होते. त्यासाठी गावकरी घरोघर फिरले. ७ मे रोजी सभा भरली आणि मूळ अंदाजपत्रक ३७७ विरुद्ध २ मतांनी परत आले.

या प्रसंगाचा अर्थ लावण्यास अल्बर्ट हर्शमन यांचे १९७० मधील ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे पुस्तक साहाय्यभूत ठरते. कोणतीही संस्था खालावू लागली की तिच्या सभासदापुढे दोन मार्ग असतात, असे हर्शमन म्हणतात: एक तर बाहेर पडणे किंवा आत राहून बोलणे, निष्ठा ही माणसाला पहिल्या मार्गापासून काही काळ रोखून दुसऱ्या मार्गाकडे वळवते. बाहेर पडणे सोपे असेल तर बोलण्याची गरज उरत नाही, आणि ज्यांना दर्जाची सर्वांत अधिक चाड असते तेच सर्वांत आधी निघून जातात, म्हणून मागे उरलेली संस्था अधिकच मुकी होते. क्रॉयडनमध्ये मार्चचा निर्णय ठरवून आलेल्यांच्या संघटनेमुळे झाला, तितकाच तो जुन्या रहिवाशांच्या अनुपस्थितीमुळेही झाला; आणि तो फिरला तो गाव सोडून जाण्याऐवजी माणसे सभेत आली म्हणून. येथे एक न्याय्य आक्षेपही नोंदवला पाहिजे. वीस मते देणारेही त्याच गावाचे कायदेशीर रहिवासी होते आणि त्यांनी मांडलेली सूचना नियमात बसणारी होती. त्यांना परके ठरवून गप्प बसवणे हे उत्तर नव्हते, आणि गावानेही ते दिले नाही.

गावापेक्षा मोठ्या पातळीवर मात्र असा सभेत येऊन निर्णय फिरवण्याचा मार्ग खुला नसतो. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वाधिक मते कोणत्या राज्याने दिली, या प्रश्नाचे उत्तर टेक्सास किंवा फ्लोरिडा असे नाही, तर निळ्यात निळे मानले जाणारे कॅलिफोर्निया असे आहे. तेथे त्यांना साठ लाखांहून अधिक मते पडली. तांबड्या टेक्सासमध्ये जो बायडन यांना बावन्न लाखांहून अधिक मते मिळाली. मेन आणि नेब्रास्का वगळता सर्वत्र राज्यातील विजेत्याला त्या राज्याच्या वाट्याची सर्वच निर्वाचक मते, म्हणजे अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणारी मते, मिळत असल्याने, या एक कोटीहून अधिक नागरिकांची मते अध्यक्ष ठरवण्याच्या हिशेबात शून्य ठरली. जोनाथन रॉडन यांनी ‘व्हाय सिटीज लूज’ या २०१९ मधील ग्रंथात एकसदस्यीय मतदारसंघांविषयी हेच दाखवले आहे, की जुन्या औद्योगिक शहरांत दाटलेली मते प्रचंड फरकाने जिंकून वाया जातात, आणि विखुरलेल्या मतांना त्या मानाने अधिक जागा मिळतात. नकाशावरचा एकसारखा रंग हा अशा प्रकारे मोजणीच्या पद्धतीचा परिणाम असतो. परंतु माणसे त्याला वस्तुस्थिती समजतात, येथे आपले कोणी नाही अशी त्यांची खात्री होते, आणि जे कधी घर बदलण्याचा विचार करत नव्हते ते तो करू लागतात. पूर्व ओरेगॉनमधील डझनाहून अधिक काउंट्यांनी तर माणसे हलवण्याऐवजी सीमाच हलवावी आणि आपल्याला शेजारच्या आयडाहो राज्यात सामील करावे, अशा आशयाच्या प्रस्तावांना कौल दिला आहे.

कायद्यातील तफावत वाढली की ही खात्री अधिक बळकट होते. गर्भपाताचा घटनात्मक हक्क जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतल्यानंतर, एका राज्यात कायदेशीर असलेला उपचार शेजारच्या राज्यात गुन्हा ठरू लागला. अशा वेळी राज्य सोडणाऱ्या स्त्रीला शेजाऱ्यांची मते आवडत नाहीत असे म्हणणे म्हणजे तिच्या प्रश्नाची थट्टा होय. शिवाय बाहेर पडण्यास पैसा लागतो, हातातील काम सोडावे लागते, वृद्ध आईवडिलांचा विचार करावा लागतो. ज्यांना बाहेर पडण्याची सर्वांत अधिक गरज असते त्यांनाच ते सर्वांत कमी परवडते.

महाराष्ट्राच्या इतिहासाने याच प्रश्नाला स्वतंत्रपणे स्पर्श केला आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी केली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यासाठी वसाहत आयोगाची तरतूद सुचवली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, शेतावर, पाण्यावर आणि मजुरीवर सवर्णांच्या मर्जीने जगणाऱ्या अल्पसंख्येचे मत गावात मोकळे राहू शकत नाही, हा या मागणीमागील विचार होता. येथे बाहेर पडणे ही बोलता येण्याची पूर्वअट आहे. शिकागोला गेलेला कृष्णवर्णीय मजूर आणि स्वतंत्र गाव मागणारा नागपूरच्या परिषदेचा प्रतिनिधी एका बाजूला, आणि कानावर पडणारे विरोधी मत खपत नाही म्हणून घर विकणारा सुखवस्तू गृहस्थ दुसऱ्या बाजूला, यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्याचा आवाज दाबला गेलेला असतो. दुसऱ्याला इतरांचा आवाज नकोसा झालेला असतो. दोघांचाही हक्क कायद्याने सारखाच आहे, परंतु समाजाने पहिल्याच्या जाण्याची कारणे दूर करणे हे न्यायाचे काम आहे आणि दुसऱ्याला राहण्याचे कारण देणे हे राज्यरचनेचे.

असे कारण देणारी रचना कल्पनेतली नाही. इलिनॉय राज्याने १८७० च्या आपल्या राज्यघटनेत, यादवी युद्धानंतर राज्याचा उत्तर भाग एका पक्षाचा आणि दक्षिण भाग दुसऱ्याचा झालेला पाहून, कनिष्ठ सभागृहासाठी संचयी मतदानाची पद्धत स्वीकारली. संचयी मतदान म्हणजे मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळणे, आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याचीही मुभा असणे. प्रत्येक मतदारसंघातून तीन सदस्य निवडले जात असल्याने, तेथे अल्पमतात असलेल्या पक्षालाही आपली मते एकवटून बहुधा एक जागा मिळवता येई. परिणामी शिकागोतून रिपब्लिकन आणि ग्रामीण भागातून डेमोक्रॅट सदस्य सभागृहात येत राहिले, आणि दोन्ही पक्षांच्या बैठकीत राज्याच्या प्रत्येक भागाची बाजू मांडणारा कोणीतरी असे. ही पद्धत १९८० पर्यंत टिकली. त्या वर्षी सदस्यसंख्या १७७ वरून ११८ करणाऱ्या घटनादुरुस्तीने तिचा शेवट केला. मुंबई प्रांतालाही ती अपरिचित नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत राखीव जागा असलेल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत येथे संचयी मतदान होते, आणि गावोगाव विखुरलेल्या अस्पृश्य मतदारांना आपली सर्व मते आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत होती.

या पद्धतीतही दोष होते. पक्षांनी मोजकेच उमेदवार उभे करून मतदाराची निवड आकुंचित केल्याची तक्रार इलिनॉयमध्ये सतत होत असे. परंतु तिच्यामागील तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे. कोणी कोठे राहावे हे राज्याने सांगू नये आणि समविचारी शेजाऱ्यांच्या ओढीला दोषही देऊ नये. मतमोजणीची पद्धत मात्र राज्याच्याच हातात असते, आणि ज्या पद्धतीत एखाद्या ठिकाणच्या तीस-चाळीस टक्के नागरिकांचा कोठेही मागमूस राहत नाही, ती त्यांना निघून जाण्याचा सल्ला देत असते. प्रत्येक मतदारसंघातील अल्पमताला प्रतिनिधी मिळू शकेल अशी रचना असेल, तर राजकीय मतासाठी घर बदलण्याचे मोल कमी होते आणि आहे त्या गावात राहून वाद घालण्याचे मोल वाढते. लोकशाहीला माणसांच्या मनातील आवडनिवड बदलता येत नाही. पण अल्पमतात राहणे आणि निरर्थक ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे तिला शक्य आहे, आणि तिच्या निवडणूक कायद्याचे मूल्यमापन या कसोटीवर झाले पाहिजे.